तारेचा ताण आणि चाकाचा आऊट

सायकलच्या मागच्या चाकातील एखादी तार तुटली, की बहुतेक स्वारांच्या मनात जो हिशेब मांडला जातो तो अगदी साधा असतो: एक तार गेली, तिच्या जागी दुसरी घालावी, चाक पूर्ववत व्हावे आणि आपण मार्गस्थ व्हावे. हा हिशेब वरवर निर्दोष दिसतो खरा. परंतु सायकलच्या चाकाची रचनाच अशी विलक्षण आहे की, तीत एका तारेचा व्यवहार त्या एकट्या तारेपुरता कधीच राहत नाही, आणि म्हणून किरकोळ किमतीची ती तार बसवून झाल्यानंतरच खऱ्या कामाला प्रारंभ होतो. दुकानात ह्या कामास आऊट काढणे म्हणतात, आणि गिऱ्हाईक व कारागीर हे दोघेही बहुधा असे धरून चालतात की, फिरताना डावी-उजवीकडे झोके खाणारी रिम सरळ फिरू लागली म्हणजे आऊट निघाला. माझे म्हणणे असे की, सरळपणा हा ह्या मामल्यातील केवळ एक साक्षीदार आहे, आणि तोही सहज फितणारा. चाक ज्याच्या बळावर उभे राहते तो तारांचा ताण. तो डोळ्यांना दिसत नाही, आणि ह्या दुरुस्तीतील बहुतेक फसगत, जाणून केलेली असो वा अजाणता झालेली, त्याच्या ह्या अदृश्यपणातूनच उद्भवते.

बैलगाडीचे चाक आणि सायकलचे चाक ह्यांतील भेद ह्यासाठी प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. दोन्ही वर्तुळाकार, दोन्हींच्या मध्यभागी तुंबा, दोन्हींत तुंब्यापासून परिघापर्यंत गेलेले आरे. परंतु साम्य एवढ्यावरच संपते. बैलगाडीचा लाकडी आरा हा खांब आहे. गाडीचा भार आसावरून तुंब्यावर, तुंब्यावरून खालच्या आऱ्यावर आणि आऱ्यावरून जमिनीवर उतरतो. आणि तापवून लाल केलेली लोखंडी धाव चाकावर चढवून तिच्यावर पाणी ओतले म्हणजे निवताना आकसणारी ती धाव सगळ्या सांध्यांना आत दाबून चाक घट्ट करते. सायकलची तार खांबाचे काम करण्यास मात्र सर्वस्वी अपात्र आहे. दोन मिलीमीटर जाडीची आणि सुमारे तीनशे मिलीमीटर लांबीची ती पोलादी सळई उभी धरून तिच्यावर तळहाताने जोर दिला, तर ती तत्क्षणी वाकते; उलट तीच ओढू गेल्यास दोनशे किलोंहून अधिक ओढ निमूटपणे सोसते. जे बळ तिच्यात नाही त्याची अपेक्षा न धरता जे आहे त्याचाच सर्व उपयोग करून घ्यावा, ह्या धोरणातून सायकलचे चाक जन्मास आले.

ही कल्पना सायकलहूनही जुनी आहे. उडत्या यंत्राच्या ध्यासाने झपाटलेल्या जॉर्ज केली ह्या इंग्रज गृहस्थाने, आपल्या यंत्राची चाके हलकी असावीत म्हणून, लाकडी आरे अजिबात काढून टाकून त्यांच्या जागी ताणलेल्या दोऱ्या लावण्याचा विचार १८०८ साली आपल्या टिपणवहीत नोंदवून ठेवला होता. ते विमान त्या काळी उडाले नाही, पण विचार वाया गेला नाही. १८६९ साली पॅरिसच्या युजीन मेयर ह्याने तारांच्या चाकाचे पेटंट घेतले. पुढल्याच वर्षी इंग्लंडात कॉव्हेंट्री येथील जेम्स स्टार्ली ह्याने विल्यम हिलमनच्या भागीदारीत ‘एरियल’ ही सायकल सिद्ध केली, जिच्या चाकातील सर्व तारा तरफेच्या साहाय्याने एकदम ताणण्याची तजवीज होती. एकदम ताणण्याच्या ह्या सोयीत एक गैरसोय दडलेली होती, ती म्हणजे एखाद्याच तारेची कैफियत स्वतंत्रपणे ऐकून घेण्यास तीत जागा नव्हती. ती जागा निर्माण केली ती तारेच्या रिमकडील टोकावर फिरणाऱ्या, आतून आटे पाडलेल्या छोट्या पितळी निपलने. १८७४ साली त्याच स्टार्लीने तारा तुंब्यापासून सरळ न काढता स्पर्शरेषेच्या दिशेने, एकमेकींना छेदत नेण्याची पद्धत काढली, कारण पायटा मारल्यावर साखळीने तुंब्याला दिलेला पीळ सरळ तारांना रिमपर्यंत धडपणे पोहोचवता येत नाही. आज आपल्या गल्लीतील सायकल ज्या चाकांवर धावते त्यांचा मूळ आराखडा तेव्हापासून फारसा बदललेला नाही. इतकेच नव्हे, तर २००० साली लंडनमध्ये थेम्सच्या काठी लोकांसाठी खुले झालेले जे अजस्र पाळणाचक्र प्रवाशांना शहराचे दर्शन घडवते, तेही ह्याच न्यायाने पोलादी दोरखंडांच्या ओढीवर उभे आहे.

आता ओढीवर उभे राहणे म्हणजे नेमके काय, ह्याचा थोडा तपशील पाहू. चांगल्या बांधणीच्या आधुनिक चाकात एकेका तारेवर साधारणपणे शंभर किलो वजन टांगल्याइतका ताण असतो. ३६ तारांच्या चाकाचा हिशेब केला तर स्वार बसण्यापूर्वीच, सायकल भिंतीला टेकून उभी असतानाच, रिम चहूबाजूंनी मिळून तीन-साडेतीन टनांच्या जोराने केंद्राकडे ओढली जात असते. सायकलवर माणूस बसला म्हणजे जमिनीला टेकलेल्या भागाच्या वर ज्या चार-दोन तारा येतात त्यांचा ताण कमी होतो, आणि बाकीच्या तारांच्या ताणात नाममात्रच फरक पडतो. कोणासही ह्याची खातरजमा घरच्या घरी करता येईल: एकाने सायकलवर बसावे आणि दुसऱ्याने खालच्या तारेला बोटाने छेडावे, स्वार उतरताच तीच तार अधिक वरच्या स्वरात वाजेल. वरच्या तारेच्या स्वरात असा फरक ऐकू येणार नाही. १९८१ साली ‘द बायसिकल व्हील’ हे पुस्तक लिहिणारा अमेरिकी अभियंता जॉब्स्ट ब्रँट ह्याने ह्यावरून तुंबा खालच्या तारांवर उभा असतो असे विधान केले, आणि तुंबा वरच्या तारांना लटकलेला असतो असे मानणाऱ्यांशी त्याचा वाद पुष्कळ गाजला. मला हा वाद बराचसा वकिली वाटतो, कारण पूर्वी ताणलेली तार सैल होणे आणि खांबाने भार झेलणे ह्यांचा हिशेब वहीत एकाच रकान्यात पडतो. महत्त्वाची गोष्ट एवढीच, की खाली येणाऱ्या तारेजवळ गमावण्यासाठी पुरेसा ताण शिल्लक असला पाहिजे. तो नसेल तर ती तार क्षणभर साफ ढिली पडते, आणि तिचा वाटा शेजारच्या तारांवर जातो.

हा क्षण किती वेळा येतो? २८ इंची चाकाचा परीघ सव्वादोन मीटरच्या जवळपास असतो, म्हणजे एका किलोमीटरमध्ये ते सुमारे साडेचारशे वेळा फिरते. रोज दहा किलोमीटर सायकल चालवणाऱ्या माणसाच्या चाकातील प्रत्येक तार वर्षातील तीनशे दिवस धरले तरी साडेतेरा लाख वेळा सैलावते आणि पुन्हा ताणली जाते. तार तुटते ती ह्या अखंड ये-जा करणाऱ्या ताणाने थकून. म्हणूनच ती पुष्कळदा खड्ड्यात न तुटता गुळगुळीत रस्त्यावर, अत्यंत निरुपद्रवी वेळी ‘टण्‌’ आवाज करून तुटते, आणि स्वाराला त्याचे कारण उमगत नाही. तुटते तीही बहुधा एकाच जागी: तुंब्याच्या कडेतील भोकातून बाहेर पडताना तिला जे वळण दिलेले असते त्या कोपरावर. मागच्या चाकावर स्वाराचा अर्ध्याहून बराच अधिक भार असतो, आणि त्यावर गोव्यातल्या पोदेराची पावांनी भरलेली टोपली किंवा मुंबईच्या डबेवाल्याचे डबे चढले, की मग तर बोलायलाच नको. त्यातही फ्रीव्हीलकडच्या, म्हणजे उजव्या, बाजूच्या तारा अधिक जातात. कारण फ्रीव्हीलला जागा देण्यासाठी तुंब्याची उजवी कड मध्याकडे सरकवलेली असते, त्यामुळे उजव्या तारा अधिक उभ्या होतात आणि रिम मध्यावर राखण्यासाठी त्यांना डाव्यांपेक्षा पुष्कळ अधिक ताण द्यावा लागतो. अनेक गिअरच्या सायकलीत हा भेद इतका वाढतो की, डाव्या तारांवर उजव्यांच्या अर्ध्यापासून दोन-तृतीयांशापर्यंतच ताण उरतो.

समजा, उजवीकडची एक तार तुटली. तिची ओढ नाहीशी झाल्याबरोबर त्या जागी डाव्या तारांचे राज्य सुरू होते आणि रिम डावीकडे झुकते. येथे दुरुस्तीचे दोन मार्ग संभवतात आणि, दुर्दैवाने, दोन्हींचा शेवट सारखाच सरळ दिसणाऱ्या चाकात होतो. पहिला मार्ग घाईचा: नवी तार नावापुरती आवळायची आणि शेजारच्या दोन डाव्या तारा ढिल्या करायच्या, म्हणजे त्यांची ओढ कमी होऊन रिम आपसूक मध्यावर येते. चाक फिरवून दाखवले तर रिम ब्रेकच्या रबरांमधून काडीचाही फरक न करता फिरते. गिऱ्हाईक संतुष्ट होते, पैसे दिले जातात. परंतु त्या जागी आता तीन ढिल्या तारा आहेत आणि त्यांनी सोडलेला भार त्यांच्या दोन्ही अंगांच्या तारांनी उचललेला आहे. ढिल्या तारांची निपले रस्त्याच्या हादऱ्यांनी आपोआप आणखी सुटत जातात, ताठ तारांवरील ये-जा वाढते, आणि अल्पावधीतच दुसरी तार जाते. मग नव्या तारा निकृष्ट प्रतीच्या निघाल्या अशी तक्रार होते. दुसरा मार्ग सबुरीचा आहे: नव्या तारेला तिच्या बाजूच्या इतर तारांइतका ताण आधी द्यायचा, आणि तेवढ्यावर रिम जेथे येईल तेथून पुढचे काम सुरू करायचे. तार मोडण्यापूर्वी चाक सरळ होते आणि मध्यंतरी कोणी पान्याने लुडबुड केलेली नसेल, तर योग्य ताण मिळताच रिम बव्हंशी आपल्या जागी परत येते. ती येत नसेल, तर त्याचा अर्थ शेजाऱ्यांच्या ताणात आधीपासूनच काही काळेबेरे आहे.

नवी तार निवडताना लांबी, जाडी आणि डोके ह्या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. एखाद-दोन मिलीमीटर लांब तार घेतली तर तिचे टोक निपलच्या माथ्यातून वर निघते आणि रिमवरची पट्टी भेदून ट्यूबला टोचते. ते कानशीने घासावे लागते. आखूड घेतली तर आट्यांची पकड अपुरी पडून निपलचे डोकेच एखाद्या दिवशी उडते. म्हणून मोडक्या तारेचे दोन्ही तुकडे दुकानात नेणे हा सर्वांत निर्वेध उपाय. तार ओवताना शेजारणींचा रिवाज मोडता कामा नये: तिचे डोके तुंब्याच्या कडेच्या आत की बाहेर, ती पुढे झुकलेली की मागे, वाटेत लागणाऱ्या तीन तारांपैकी कोणावरून आणि कोणाखालून जाते, हे सर्व त्याच बाजूच्या एक सोडून दुसऱ्या तारेकडे पाहून ठरवावे. उजव्या बाजूस फ्रीव्हील आड येते. ते उतरवण्याचा कंटाळा करून तार धनुष्यासारखी वाकवून भोकात ढकलणारे कारागीर मी पाहिले आहेत. तार बसते खरी, पण तिच्यात राहिलेला बाक चालता-चालता हळूहळू सरळ होतो आणि तेवढ्याच मापाने तिचा ताण गळतो.

आऊट काढण्यापूर्वी एक चौकशी अवश्य करावी. चाक हातात धरून डावी-उजवीकडे हलवून पाहावे. आसाचे कोन ढिले असतील, छर्रे झिजले असतील, तर रिमचे झोके त्या ढिलेपणाचे असू शकतात, आणि तारांना त्याबद्दल शिक्षा करणे अन्यायाचे होईल. कोकणच्या पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या सायकलीची निपले गंजून तारेशी एकजीव झालेली असतात. अशांवर तेलाचे थेंब सोडून रात्रभर वाट पाहावी. जोर केल्यास निपल फिरत नाही, तार मात्र मुळापासून पिरगळली जाते. पाना निपलवर अगदी घट्ट बसणारा हवा, अन्यथा निपलचे चौकोनी अंग गोल होऊन पुढच्या सगळ्या दुरुस्त्यांची वाट लागते.

पाना कोणत्या दिशेला फिरवावा, ह्या प्रश्नावर नवशिक्यांचा निम्मा वेळ जातो. टायरच्या बाजूने केंद्राकडे पाहिले असता निपल घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवले म्हणजे तार आवळते. पण कारागिराचे डोळे बहुधा तुंब्याच्या बाजूस असतात आणि तेथून तीच दिशा उलटी दिसते. प्रत्येक वेळी आपण टायरच्या माथ्यावरून खाली पाहत आहोत अशी कल्पना करून मग पाना लावावा. किती फिरवावा ह्याचे उत्तर थोड्या गणिताने मिळते. तारेच्या आट्यांची संख्या इंचाला ५६, म्हणजे निपलच्या एका पूर्ण फेऱ्यात तार सुमारे ०.४५ मिलीमीटर ओढली जाते. आणि दोन मिलीमीटर जाडीची, तीनशे मिलीमीटर लांबीची पोलादी तार शंभर किलोंच्या ताणाखाली लांबते तीही उणीपुरी अर्धा मिलीमीटरच. रिम थोडी दबत असल्यामुळे प्रत्यक्षात हा हिशेब इतका काटेकोर जुळत नाही, तरीही पूर्ण ढिलाई आणि पूर्ण ताण ह्यांतील अंतर एक-दोन फेऱ्यांत आटोपते हे त्यावरून उघड होते. म्हणून पाव फेरा हे ह्या धंद्यातील चलनी नाणे आहे; अर्धा फेरा ही मोठी रक्कम, आणि शेवटी-शेवटी तर पावाच्याही अर्ध्यावर भागवावे लागते.

रिम उजवीकडे गेलेली असेल तेथे डाव्या तारा आवळाव्यात आणि उजव्या तितक्याच सोडाव्यात. झोक्याच्या मध्यावर पाव फेरा, कडांवर त्याहून कमी. आवळणे व सोडणे बरोबरीने केल्यास रिम केवळ बाजूला सरकते, खाली-वर होत नाही, आणि त्या जागेचा एकूण ताणही कायम राहतो. जो कारागीर केवळ आवळतच जातो त्याच्या चाकात एक फुगवटा जातो तेथे एक खळगा निर्माण होतो, आणि मग तो खळगा भरण्यासाठी समोरच्या बाजूस नवी तक्रार उत्पन्न होते. चाक धरणाऱ्या चिमट्याला टेकवून स्थिर धरलेला खडूचा तुकडा हलकेच रिमजवळ न्यावा. जेथे खडूची रेघ उमटेल तेवढीच जागा बोलावत आहे असे समजावे. सर्वांत मोठ्या झोक्यापासून आरंभ करावा, थोडे सुधारावे, चाक पुन्हा फिरवावे. एकाच झोक्याचा पूर्ण निकाल लावून मग दुसऱ्याकडे वळणे ही चुकीची पद्धत होय, कारण रिम हे एकच अखंड कडे आहे आणि तिच्या एका जागेचा निवाडा दुसऱ्या जागेस विचारल्यावाचून होऊच शकत नाही.

उंच-सखलपणाकडे लोक दुर्लक्ष करतात. ब्रेकची रबरे रिमच्या दोन्ही बाजूंना चिमटीत धरणारी असली तर तो लवकर जाणवतही नाही. परंतु लोखंडी दांड्यांनी ओढले जाणारे ब्रेक असलेल्या जुन्या काळ्या सायकलीत रबरे रिमच्या आतल्या अंगावर, तुंब्याकडून टायरकडे, दाबली जातात. तेथे रिम बाजूला दोन मिलीमीटर झुकली तरी चालते, पण ती उंच-सखल असेल तर ब्रेक दर फेऱ्याला हिसका देतो. उंचवटा खाली बसवायचा असेल तर त्या जागच्या डाव्या आणि उजव्या तारांची जोडी मिळून आवळायची. खळगा वर काढायचा तर ती जोडी सोडायची. हे काम बाजूच्या झोक्यांच्या आधी करणे श्रेयस्कर, कारण ते मागून केले तर आधी साधलेला सरळपणा पुन्हा बिघडतो.

आणि आता तो अदृश्य ताण. ताणमापक नावाचे उपकरण मिळते, ते तारेला तीन बिंदूंत धरून तिचा किंचित बाक मोजते आणि त्यावरून ताण सांगते. पण ते विकत घेणारा गल्लीतला कारागीर विरळाच. त्याच्याजवळ कान असतो. तंबोरा जुळवताना गवई जे करतो तेच येथे करायचे, फरक एवढाच की तंबोऱ्याला चार तारा आणि चाकाला ३६, किंवा जुन्या इंग्रजी रिवाजाप्रमाणे पुढे ३२ आणि मागे ४०. तारेला रिमजवळ, शेवटच्या छेदाच्या बाहेर, नखाने छेडावे आणि एकाच बाजूच्या तारांचे स्वर ओळीने ऐकत जावे. उजव्यांची तुलना उजव्यांशी, डाव्यांची डाव्यांशी. मागच्या चाकात दोन्ही बाजूंचा स्वर एक करण्याचा हट्ट धरणाऱ्याने समतेचा भलताच अर्थ लावला असे म्हणावे लागेल. स्वर आणि ताण ह्यांचे नाते सरळ पटीचे नाही: ताण चौपट होतो तेव्हा स्वर एका सप्तकाने चढतो, आणि सप्तकातील बारा स्वरांपैकी लगतच्या दोन स्वरांमधील अंतर म्हणजे ताणात सुमारे १२ टक्क्यांचा फरक. ज्याला गाण्याचा गंधही नाही त्यालाही लगतच्या स्वरांतील भेद दोन तारा पाठोपाठ छेडल्यावर कळतो. म्हणजे कोणतेही उपकरण न घेता दहा-बारा टक्क्यांपर्यंतची विषमता पकडण्याची सोय निसर्गाने प्रत्येकाला दिलेली आहे. नवी तार बसवल्यावर तिचा स्वर तिच्या बाजूच्या तारांच्या सरासरी स्वराला मिळेपर्यंत तिच्यावरून हात काढू नये. दोन तारांचे स्वर विसंगत आहेत आणि रिम तरीही सरळ आहे, असे आढळले तर त्या दोघी एकमेकींच्या विरुद्ध ओढून केवळ तह करून बसल्या आहेत असे समजावे.

एक बारीक खोच येथे सांगायला हवी, जी न कळल्यामुळे चांगल्या हातांचे कामही दुसऱ्या दिवशी बिघडलेले दिसते. निपल फिरवताना घर्षणामुळे तारही थोडी पिळली जाते. बोटांना वाटते आपण पाव फेरा आवळला, वस्तुतः त्यातला काही भाग तारेत पिळाच्या रूपाने साठून राहतो आणि स्वार बसून चाक फिरू लागले, की तो पीळ ‘टिक्‌ टिक्‌’ असा आवाज करीत उलगडतो. त्यासाठी हव्या त्या जागेपुढे थोडे जास्त फिरवून तेवढेच मागे घ्यावे. चाक पूर्ण झाल्यावर जवळजवळ समांतर असणाऱ्या तारांच्या जोड्या दोन्ही हातांनी मुठीत धरून जोराने आवळाव्यात. सर्व जोड्यांना एकदा हा प्रसाद मिळाला, की नव्या तारेचे कोपर तुंब्याच्या भोकात आपली जागा घेते आणि वळणाच्या जागी कारखान्यातून आलेला अंतर्गत ताण थोडा मुरतो. ब्रँटने ह्या आवळण्यास अतिशय महत्त्व दिले आहे, आणि तारा अकाली तुटण्याचे पुष्कळसे खापर त्याच्या अभावावर फोडले आहे. माझ्या मते ह्या एका मिनिटाच्या कामाइतका भरघोस परतावा देणारे दुसरे काम सायकलच्या दुकानात नाही; आणि वगळले जाते तेही हेच, कारण त्याचा परिणाम गिऱ्हाइकाला दाखवता येत नाही. आवळल्यानंतर रिम किंचित हलते. ती पुन्हा पाव-पाव फेऱ्यांनी सरळ करावी, आणि आठवडाभर सायकल चालवल्यावर नव्या तारेचा स्वर पुन्हा एकदा तपासावा. ती बहुधा थोडी उतरलेली असते.

कधीकधी ह्या सर्व खटाटोपाला रिम दाद देत नाही. खड्ड्यात आदळून ती स्वतःच वाकलेली असेल, तर तारांनी तिला सरळ ओढण्याचा प्रयत्न म्हणजे एका गुन्ह्यासाठी दुसऱ्याला दंड करण्यासारखे आहे. त्याची रुजुवात सोपी आहे: वाकलेल्या जागेच्या चार-सहा तारा ढिल्या कराव्यात, रिम सरळ झाली तर दोष ताणाचा होता, ती तशीच वाकडी राहिली तर दोष धातूचा. पोलादी रिम लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून काही अंशी ठोकून घेता येते. अॅल्युमिनियमच्या रिमला असे उपचार मानवत नाहीत. अशा वेळी सरळपणा आणि समान ताण ह्यांपैकी एकाला थोडे माघार घ्यायला लावावे लागते, आणि तसा प्रसंग आल्यास मी रिमचा एखादा मिलीमीटर झोका पत्करीन, ताणाची विषमता पत्करणार नाही. चकतीचे ब्रेक असलेल्या नव्या सायकलींत तर रिमला रबर घासण्याचा प्रश्नच उरलेला नाही. तेथे ब्रेकचा सगळा पीळ तुंब्याकडून तारांमार्फतच रिमला पोहोचतो, म्हणून झोक्याची क्षमा होऊ शकते, ढिल्या तारेची नाही.

एक तार तुटणे हा अपघात मानता येईल. परंतु थोड्या मुदतीत त्याच बाजूच्या दोन-तीन तारा गेल्या, तर उरलेल्याही तितकेच लाख फेरे सोसून थकल्या आहेत हे ओळखून त्या बाजूच्या सगळ्या तारा एकदम बदलून घेणे हे पैशाच्या दृष्टीनेही किफायतीचे ठरते. दर खेपेस एकेक तार, एकेक आऊट आणि मध्येच रस्त्यात अडकून पडणे ह्यांचा खर्च मांडून पाहावा. ह्या वेळी टायर-ट्यूब निघालेलीच असते, तेव्हा रिमवरची पट्टीही नवी घालावी. जुनी पट्टी निपलांच्या डोक्यांवर घासून जागोजाग विरलेली असते, आणि ती तशीच ठेवली तर पुढे होणाऱ्या पंक्चरचा आळ विनाकारण नव्या तारांवर येतो.